पिटुकलीचं जाकीट

सोमवार

आली एकदाची! माझी नात आली, पिटुकली आली, थेट युद्धावरून चालत माझ्या दारात आली. चालत म्हणजे टॅक्सीने, पण दोन जिने तरी चालतच चढली ना! जन्मली तेव्हा दोन तळहातांत मावायची म्हणून मी तिला पिटुकली म्हणायला लागले. आता सैन्यात आहे, बूट घालते, बंदूक बाळगते, तरी घरात नाव तेच. खरं नाव फक्त सरकार वापरतं.

हे लिहायला का बसले ते आधी सांगते. मागच्या रजेत ती काय काय बोलली ते मी दोन दिवसांत विसरले आणि मग शेजारणीला सांगायला काही उरलंच नाही. आता महिनाभर राहणार आहे, रोजचं रोज लिहून ठेवलं की झालं. माझी शाळा तिसरीत सुटली. जोडाक्षरं चुकली तर चुकली, वाचणारी मीच.

तर तो टॅक्सीवाला. पिटुकलीची ती पिंपाएवढी पिशवी त्याने स्वतः वर आणली. घामाघूम झाला बिचारा. आणि ही मागून रिकाम्या हाताने, ताठ, राणीसारखी! मान जरासुद्धा इकडची तिकडे नाही. मी मुलाला म्हटलं, "बघ, सैनिकाला केवढा मान असतो. टॅक्सीवालेसुद्धा हमाली करतात." माझा मुलगा शहरातली बस चालवतो, त्याला उतारू भाड्याशिवाय काही देत नाहीत, आणि देतात त्या शिव्या. तो नाक शिंकरत आत गेला. लेक दिसली की त्याचं हे असंच.

सून मात्र दारातच म्हणाली, "एवढी ताठ का चालतेस गं?"

"सवय झाली आई."

चहा पिताना मी सगळं विचारून घेतलं. पिटुकलीचं काम तुकडीतल्या जखमींना पट्टी बांधायचं आणि गोळ्या चालू असतानाच त्यांना तिथून ओढून बाहेर काढायचं. तुकडीत हे काम करणारी ती एकटीच. अंगावर बुलेटप्रूफ जाकीट. त्याच्या आत छातीला एक पत्रा, पाठीला एक.

"पत्रा म्हणजे डब्याच्या झाकणासारखा?"

"झाकण कसलं आजी, फरशी असते फरशी. वर हेल्मेट, पाणी, काडतुसं, वायरलेस. आणि माझी औषधांची पाठपिशवी, ती वेगळीच."

"सगळं मिळून किती भरतं?"

"तुझ्या निम्म्याहून जास्त."

मी तिला सांगितलं की मीही काही कमी नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभा जन्म गेला माझा. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन मी जिने चढायचे आणि वर जाऊन मुकादमाशी भांडायलाही दम शिल्लक असायचा. "पण टोपली खाली तरी ठेवता येते बाई," मी म्हटलं. "तुझं जाकीट काढून ठेवता येत नाही का मधूनमधून?"

"येतं की. मग गोळी लागते."

छत्री विसरली तर भिजायला होतं म्हणावं, तसं बोलली. अशी आहे माझी नात!

रजा संपताना लष्करी दवाखान्यात तपासणी आहे. पास झाली की परत तुकडीबरोबर. होणारच पास. आमच्या घरात नापास होण्याचा मान फक्त माझा.

बुधवार

आज मला इतका आनंद झालाय की अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पिटुकली माझ्या खोलीत आली, हातात कंगवा. म्हणाली, "आजी, वेणी घालून देशील?" वयात आल्यापासून या मुलीने मला केसांना हात लावू दिला नव्हता. "आजी, तू ओढतेस, आजी, तू तेल थापतेस!" आणि आता आपण होऊन माझ्यापुढे खाली बसली, लहान होती तशी. मी म्हटलं, "घालते की! रोज घालते!" तर म्हणाली, "रोज घाल." जगात एवढी मारामारी बघून आलेल्या पोरीला शेवटी आजीच आठवते. सुनेला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

आणखी गंमत म्हणजे सैन्यात डाव्या हाताचं शिक्षणही देतात. कप डाव्या हाताने, चमचा डाव्या हाताने, दाराची कडीसुद्धा डाव्या हाताने. मी करून बघितलं, सगळं सूप मांडीवर. झोपते खाली जमिनीवर, गादी नको म्हणते. केवढी शिस्त! काल जमिनीवर पडलेला पेन उचलायचा होता तर वाकली नाही, पाठ सरळ ठेवून गुडघे दुमडून खाली गेली आणि तशीच वर आली, एखादी सरदारीण मुजरा करते तशी.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते, त्यामुळे तिला वाटतं की जगात कोणालाच नीट दिसत नाही. म्हणाली, "सासूबाई, तिला एकदा उजवा हात वर करायला सांगा बघू."

"कशाला? ती काय वर्गात बसलीय?"

 तिने भांडी जरा जोरात आपटली.

शनिवार

पिटुकलीचा सराव सुरू झालाय. जुन्या दप्तरात वाळूच्या पिशव्या भरते, ते छातीशी बांधते आणि जिना चढते उतरते. मी वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसते आणि वाहवा करते. खालच्या मजल्यावरचे म्हातारे सद्गृहस्थ म्हणाले, "काय हो, नातीला शिक्षा केलीत का?" मी म्हटलं, "शिक्षा तुम्हाला, तुम्हाला अशी नात नाही." दार लावून घेतलं त्यांनी.

चढताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असतात आणि तोंड पांढरं पडतं. म्हटलं, "दुखतंय का काही?" "नाही गं आजी, लक्ष एकवटतेय." मीही सुईत दोरा ओवताना असंच तोंड करते.

दुपारी मायलेकींची बाचाबाची झाली. सून म्हणत होती, "मला दिसत नाही असं वाटतं का तुला?" आणि पिटुकली म्हणत होती, "आई, फक्त तपासणी होऊ दे. नंतर बघू." मी मध्ये पडले. सुनेला म्हटलं, "तू तिच्या पायात पाय घालू नकोस. पोरगी एवढी मेहनत करतेय, तिला हुरूप द्यायचा सोडून!" पिटुकलीने माझ्याकडे बघून डोळा मारला. सुनेने माझ्याकडे बघितलं ते मात्र लिहीत नाही.

मंगळवार

आज तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं. तिनेच सांगितलं घालायला. किती वर्षांनी! पाठ चोळताना बघते तर उजव्या खांद्यामागचं हाड बाहेर आलेलं, एखाद्या पाखराला पंख फुटावा तसं. डावीकडे तसं नाही. मी म्हटलं, "अगंबाई, हे काय?" तर म्हणाली, "कमावलेलं अंग आहे आजी." कमावलेल्या अंगावर मांस असतं अशी माझी समजूत होती, पण सैन्यातलं मला काय कळतं! धुलाईखान्यात आमचे दंड कमावलेले होते, पंख कोणाला फुटला नव्हता.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यावर, पट्ट्यांचे वळ आहेत, चांगले काळपट. मी त्यांच्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

रविवार

मधला आठवडा लिहायचा राहिला. आज उंट आला होता. हा पिटुकलीच्या तुकडीतला. इतका उंच की आमच्या दिव्याला त्याचं डोकं लागलं आणि दिवा तो जाईपर्यंत हलत होता. तुकडीत सगळे त्याला उंटच म्हणतात. मी नाव विचारलं तर तोसुद्धा "उंट" म्हणाला, इतका भला माणूस. चार अंडी आणि अख्खा पाव खाल्ला. अशी माणसं मला आवडतात.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मांडीत गोळी लागली, ती जखम पिटुकलीने बांधली. हे मला ठाऊक होतं. पुढचं आज कळलं.

"आजी, मी पडलो तो उघड्या शेतात," उंट सांगायला लागला. "नांगरलेली जमीन, त्यात पाऊस पडून गेलेला. मी एवढा धिप्पाड, वर माझं जाकीट, माझं सामान. म्हणजे कपडे भरलेलं कपाट आडवं पडलंय असं समजा. आणि ही एवढीशी. जाकिटाच्या मानेमागे एक पट्टा असतो, जखमीला ओढायला. हिने तो पट्टा धरला आणि ओढायला लागली. मी ओरडतोय, अगं तुझं जाकीट तरी काढून टाक, हलकी हो! तर ही मला म्हणते, मला गोळी लागली तर तुला पट्टी काय बाप बांधणार? तोंड मिट आणि टाच मारून सरक."

"मग?"

"मग काय, ओढलं. चिखलातून. बांधापर्यंत. मध्ये एकदा माझी शुद्ध गेली, पुन्हा आली, तरी ही ओढतेच आहे. पट्टा हाताला गुंडाळून खांद्यावरून घेतलेला, बैल जुंपल्यासारखी. अंगावरचं काही एक काढलं नाही तिने. माझं औषध, माझं पाणी, माझी बंदूकसुद्धा घेऊन आली."

मी उठले आणि पिटुकलीचे दोन्ही गाल ओढले. केवढी माझी एवढीशी पोर! मला धुलाईखान्यातली ओली घोंगडी आठवली, ती एकटीला कधी उचलली जायची नाही, दोघी लागायच्या. हिने तर घोंगड्यांचा गठ्ठा ओढला, वर स्वतःच्या अंगावरही एक गठ्ठा.

उंट मग पिटुकलीला म्हणाला, "खांदा कसा आहे तुझा आता? तेव्हापासून..." आणि एकदम "आई गं!" करून ओरडला. टेबलाखालून हिने त्याला लाथ मारली होती! लहानपणी शेजारच्या पोरांना मारायची तशीच. मला हसूच आवरेना. सून मात्र हसली नाही, टेबलावरची बशी उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

जाताना उंट म्हणाला, "तुकडी निघायच्या आत ये गं. तू नसलीस तर आमचं काय होणार, बघ!" पिटुकलीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. याचसाठी तर चाललीय सगळी मेहनत.

बुधवार

उद्या तपासणी. तिथे घरच्या एका माणसालाही बोलावतात, दोन प्रश्न विचारतात. झोप लागते का, चिडचिड करते का, असं काहीतरी. सून म्हणाली, "मी रजा टाकते." पिटुकली पटकन म्हणाली, "नको आई, आजी येईल."

आजी येईल! आईला सोडून आजी! मी ठेवणीतले कपडे काढले, बूट पुसले. सून माझ्यापाशी आली, काहीतरी बोलणार होती, मग नुसतीच माझ्या कोटाचं वरचं बटण लावून गेली. जळली असणार बिचारी. जीव हळहळला, पण फार नाही.

गुरुवार

आज काय झालं ते लिहायला हवं. 

दवाखाना मोठा, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या वयाच्या, केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी आधी पिटुकलीला दोन्ही हात वर करायला लावले. तिने केले. उजवा जरा मागून गेला, पण गेला. हसतसुद्धा होती. कपाळावर घाम होता, पण खोलीत उकडतच होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"आजी, घरी कशी असते ही?"

एवढं विचारायची खोटी! मी महिनाभर वाट बघत होते असं कोणीतरी विचारण्याची. म्हटलं, "डॉक्टरबाई, काय सांगू! सोनं आहे सोनं. एवढी मोठी झाली तरी वेणी माझ्याकडून घालून घेते, रोज! कंगवा म्हणून हातात धरत नाही."

"हो का? रोज?"

"रोज! आणि काय तुमची शिकवण! जेवणखाण सगळं डाव्या हाताने. उजवा अगदी मांडीवर ठेवून. गादीवर झोपायचं नाव नाही. वाकायचं म्हणून नाही, काही उचलायचं तर अशी गुडघ्यांवर..." मी उठून करून दाखवलं.

पिटुकली माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे केलेले. मला वाटलं, लाजतेय. आपलं कौतुक कोणाला ऐकवतं?

"सांगा ना आजी, अजून काय काय?"

"अजून काय, अंग तर असं कमावलंय, पाठीला एका बाजूने पंख फुटलाय पंख!"

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, पुरे," पिटुकली म्हणाली. इतक्या हळू की मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं.

बाईंनी तिला सदरा काढायला लावला, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलायला सांगितली. तिने ढकलली. उजवीकडचं हाड पाठीतून असं वर आलं की मी खुर्चीतून अर्धी उठले. घरी पाणी ओतताना बघितलं होतं, तेव्हा बरं वाटलं होतं मला! मग बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. म्हणाल्या, "मी टाचणी लावेन, कुठे लागली सांग." डाव्या हाताला लावली, तिने सांगितलं. पुन्हा डाव्या, सांगितलं. मग उजव्या हाताचा अंगठा. बाईंनी टाचणी टोचली, मी बघत होते, कातडी दबली. पिटुकली डोळे मिटून बसलेली. बाईंनी पुन्हा टोचली.

आणि माझी पिटुकली म्हणाली, "लावा ना. मी तयार आहे."

 तिने डोळे उघडले, अंगठ्यावरची टाचणी बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं. वेणी, कप, गादी, पांढरं पडलेलं तोंड, सगळं एकदम कळलं. आणि आईला सोडून आजी का आणली, तेही.

शुक्रवार

बोलली नाही.

शनिवार

आजही नाही. तपासणीचा कागद आला. खांद्यावर पट्ट्यांचं वजन पडून पडून मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा चेपल्या आहेत. उंटाला ओढलं तेव्हा उरलंसुरलं झालं. वर्षभर तरी अंगावर काही वजन घ्यायचं नाही. जाकीट तर नाहीच नाही. आणखी थोडे दिवस तसंच रेटलं असतं तर हात कायमचा गेला असता म्हणे.

तुकडी तिच्याशिवाय जाणार.

मी तिच्या दाराशी चहा घेऊन गेले. आतून म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं, आजी?" विचारलं तर होतं बाई, डॉक्टरांनीच विचारलं होतं. पण तसं म्हटलं नाही. चहा बाहेर ठेवला. नंतर बघितलं तर कप तसाच.

स्वयंपाकघरात येऊन मी रडायला लागले. सुनेने गॅस बंद केला, माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. म्हणाली, "सासूबाई, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण तिने मला शप्पथ घातली होती. मी आई असून तोंड उघडलं नाही. तुम्ही उघडलंत ते बरं झालं."

"मी कौतुक करत होते गं!"

"म्हणून तर बाईंना सगळं खरं कळलं," ती म्हणाली आणि माझं नाक तिच्या ओढणीने पुसलं. मला वाटायचं, हिला माझं काही आवडतच नाही.

मंगळवार

पिटुकली आज बोलली. मी बटाटे सोलत होते, ती समोर येऊन बसली. मी गप्प राहिले. माझ्यासाठी ते किती कठीण आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक.

"नवी पोरगी देताहेत तुकडीला," ती म्हणाली. "माझ्या जागी. हात हलका आहे तिचा, पट्ट्या छान बांधते. पण अजून कोणाला ओढून आणलेलं नाही. उंट पुन्हा पडला तर कोण ओढणार, आजी?"

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "त्या जाकिटाला आग लागो. माझ्या पोरीचा हात खाल्ला त्याने."

"असं नको म्हणू." तिने सदऱ्याचा गळा खाली करून दाखवला. छातीवर जुनी पिवळसर खूण, बशीएवढी. "इथे बसली होती गोळी. पत्रा फुटला, मी नाही. जाकीट नसतं तर वेणी घालायला डोकंच घरी आलं नसतं."

मग ती सांगत राहिली. घातलं की पहिल्यांदा काही वाटत नाही. मग पट्टे मानेकडे सरकतात, कारण ते रुंद खांद्यांच्या पुरुषांच्या मापाने कापलेले. पळताना हेल्मेट डोळ्यांवर येतं. झोपायचं तर पाठीवर झोपता येत नाही, पोटावरही नाही, बसूनच डुलकी काढायची. घाम आत राहतो आणि थंडीत गोठतो. खाली बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून उठताना सगळे एकमेकांना हात देतात, न बोलता, सवयीने. "तो हात द्यायला मी नसणार आता," ती म्हणाली.

अशा वस्तूला शिव्या द्याव्यात की तिची पाठ थोपटावी, मला ठरवता येईना. तिच्या हाताकडे बघत बसले. असला हात घेऊन ती महिनाभर जिने चढली, आपल्या माणसांना एकटं सोडावं लागू नये म्हणून.  तिने एक बटाटा उचलला आणि डाव्या हाताने सोलायला लागली. निम्मा बटाटा सालीबरोबर गेला.

"बाई, तू हे सोड," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा उंट बरा सोलेल."

हसली. थोडीशी, पण हसली. मग उठून आत गेली आणि कोणालातरी फोन लावला.

रविवार

आज आमच्या घरात युद्ध झालं.

सकाळीच उंट आला, पाठीवर आपलं जाकीट घेऊन. मागोमाग ती नवी पोरगी, गालावर खळ्या, वय कोवळं, तिचंही जाकीट अंगावर. तुकडी पुढच्या आठवड्यात निघतेय आणि पिटुकलीने तिला घरी बोलावलं होतं, ओढायला शिकवायला. मुलाने आणि सुनेने बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान गॅलरीत नेलं. मुलगा म्हणाला, "बसचा डेपो झालाय घराचा," पण टेबल उचलताना शीळ घालत होता.

आधी उंट जखमी झाला. त्या खळीवालीने पट्टा धरला, ओढला, लालबुंद झाली, उंट बोटभरही हलला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. खालच्या म्हाताऱ्या सद्गृहस्थांनी छताला काठीने ठोकलं.

"आधी हलक्यापासून सुरू करू," पिटुकली म्हणाली आणि खोलीत हलकं कोण आहे ते बघायला लागली. सून पुढे झाली. मी तिला बाजूला सारलं.

"आई, तुझी हाडं!" मुलगा ओरडला.

"हाडं माझी आहेत," मी म्हटलं. "आणा ते जाकीट."

खाली जाडजूड रजई अंथरली. उंटाने मला जाकीट घातलं, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट ठेवलं. उभी होते ती तशीच खाली जायला लागले, जणू कोणी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणतंय, बस. मला आडवं केलं. पत्रा छातीवर बसला. श्वास अर्ध्यावरच थांबायला लागला. मान उचलून बघितली तर हेल्मेटने मान परत खाली नेली. उलट्या पडलेल्या कासवासारखी मी छताकडे बघत राहिले. आणि नुसती पडलेय मी! हे घालून माझी पिटुकली धावली. हे घालून ती चिखलात दुसऱ्यासाठी वाकली. तिचं कौतुक मी जन्मभर केलं, पण कौतुक म्हणजे काय ते मला आज, जमिनीवर पडल्यावर, नीट कळलं.

"आता पट्टा धर," पिटुकली त्या पोरीला सांगत होती. स्वतःचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत. "खांद्यावरून घेऊ नकोस. मी घेतला होता, ती माझी चूक झाली. दोन्ही हातांनी कमरेशी धर. बस खाली, उकिडवी. टाचा रोव. आता हाताने ओढायचं नाही, मांड्यांनी मागे रेट. सगळं अंग मागे टाक. हं, आता!"

मी सरकले. खरंच सरकले! छतावरचा दिवा हळूहळू माझ्या पायांकडे गेला.

"थांबू नकोस! पुन्हा रोव, पुन्हा रेट!"

खळीवाली घाबरून मध्येच थांबली. माझ्यावर वाकून विचारते, "आजी, लागलं का हो तुम्हाला?"

श्वास पुरत नव्हता, तरी मी तिला दटावलं. "मी जखमी आहे. माझ्याशी बोलू नकोस. गोळ्या चालल्यात, ओढ!"

पिटुकली हसली. ही तिची जुनी हसण्याची तऱ्हा, पोट धरून, भिंतीला टेकून. उंट हसला, सून हसली, माझा मुलगा नाक शिंकरत गॅलरीत गेला. आणि ती पोरगी टाचा रोवून मला ओढत राहिली, खोलीच्या या टोकापासून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे तिने पट्टा सोडला आणि बसकण मारली. तोंड घामाने भिजलेलं, पण दोन्ही खळ्या दिसत होत्या.

"नेलं की गं!" ती स्वतःलाच म्हणाली.

पिटुकलीने तिला उठायला डावा हात दिला. मग उंटाकडे बघितलं, मापून घेतल्यासारखं, आणि म्हणाली, "हा शेवटी. आधी आजी, अजून एकदा. दारापासून."

मला उठवायला दोघं लागली. उठले, जाकीट सावरलं आणि कोणी काही सांगायच्या आत दारापाशी जाऊन आडवी झाले.